चाळीस दिवसांची सोबत

राखेचा बुधवार जवळ आला की वसईच्या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत एका वाळक्या वस्तूची शोधाशोध सुरू होते. अल्तारावरच्या क्रुसामागे, भिंतीवरच्या तसबिरीच्या चौकटीत किंवा दारावर ती खोचलेली असते. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली नारळाची पात. आणली तेव्हा ती हिरवी, लवलवती होती. कुणी तिचा क्रूस विणला होता, कुणी नुसतीच दुमडून ठेवली होती. वर्षभरात ती पिवळी पडते, हात लावला की टोकं मोडतात. ती काढायची, कोळिष्टकं झटकायची आणि चर्चच्या दाराशी ठेवलेल्या टोपलीत नेऊन टाकायची.

टोपली भरली की त्या झावळ्या आवारात जाळतात. सुकी पात भुरकन पेटते आणि बघता बघता विझते. मागे हलकी, काळपट राख उरते. ती कुटून, फडक्यातून गाळून घ्यावी लागते, नाहीतर कपाळाला कण टोचतात. एवढी थोरली टोपली जाळली तरी राख निघते वाटीभर. बुधवारी ती वाटी वेदीपुढे येते. माणसं रांगेने पुढे सरकतात. फादर अंगठा राखेत बुडवून एकेकाच्या कपाळावर क्रूस रेखतात आणि तू मातीचा आहेस, मातीतच मिसळणार आहेस, याची आठवण देतात. कालच्या आनंदाची राख होऊन ती आज कपाळी लागते.

या रांगेत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी असते. इथे कुणीही स्वतःच्या हाताने स्वतःच्या कपाळाला राख लावून घेत नाही. राख लावणारे फादरही दुसऱ्यापुढे कपाळ वाकवतात. आणि एकदा लागली की ती ज्याची त्याला दिसतही नाही, दिसते ती शेजाऱ्याला. घरी परतताना वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर आपण ती पाहतो आणि मग कळतं, आपल्याही कपाळावर तीच आहे.

उपवासकाळ आणि ईस्टर यांचं मर्म मला या रांगेत सापडतं. हा काळ एकट्याने पाळायच्या बेताने रचलेलाच नाही. त्यातल्या प्रत्येक विधीला दुसरं माणूस लागतं. राख लावायला लागतं, पाय धुवायला लागतं, ज्योत द्यायला लागतं. वसईत आम्ही तो कसा पाळतो आणि त्यामागचा इतिहास काय आहे, हे या प्रकरणात पाहू.

चाळिसाचा हिशेब

मराठी ख्रिस्ती लोक या काळाला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. गोव्यात त्याला ‘कोरेज्म’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्याच्या मुळाशी ‘चाळिसावा’ हा लॅटिन अर्थ आहे. येशूने सेवाकार्य सुरू करण्यापूर्वी रानात चाळीस दिवस उपवास केला, मोशे सिनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला, इस्राएली लोक चाळीस वर्षं रानात भटकले. बायबलमध्ये हा आकडा घडण होण्याचा, पारखलं जाण्याचा आहे. दिनदर्शिकेत मोजायला गेलं तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस मानला जातो.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत ईस्टरपूर्वी एखाद-दोन दिवसांचाच उपवास असे. चाळीस दिवसांची प्रथा चौथ्या शतकात रूढ झाली. इ. स. ३२५ मध्ये नायसिया इथे भरलेल्या धर्मसभेच्या नियमांत तिचा उल्लेख येतो. तेव्हा नवख्यांना ईस्टरच्या रात्री स्नानसंस्कार देऊन मंडळीत घेत आणि त्याआधी काही आठवडे त्यांची तयारी चाले. ‘दिदाखे’ ही आरंभीच्या मंडळीची छोटी नियमपुस्तिका आहे. स्नानसंस्कार घेणाऱ्याने आधी उपवास करावा, देणाऱ्यानेही करावा आणि इतरांपैकी ज्यांना जमेल त्यांनीही करावा, असं तिच्यात सांगितलं आहे. नवखा माणूस उपाशी असताना जुन्यांनी पोटभर जेवू नये, एवढी साधी माणुसकी त्यामागे मला दिसते.

राखेचंही तसंच झालं. मोठा अपराध केलेल्यांना पूर्वी उघड प्रायश्चित्त घ्यावं लागे. ते गोणपाट नेसत, त्यांच्यावर राख टाकली जाई. पुढे हळूहळू बाकीचेही राख घेऊ लागले आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस ती सगळ्यांसाठीच झाली. अपराधी कोण आणि सज्जन कोण, हे राखेच्या रांगेत उरलं नाही. जे काही जणांपुरतं होतं ते सगळ्यांनी अंगावर घ्यायचं, याच वाटेने उपवासकाळ घडत आला आहे.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते, असं मित्र विचारतात. मराठी माणसाला ते समजावणं सोपं जातं, कारण आपले सणही चंद्रावरच चालतात. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा चर्चच्या ठरावीक कोष्टकावरून काढतात. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. येशूचा मृत्यू यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत झाला आणि वल्हांडण पौर्णिमेला धरून असतो, म्हणून हा चंद्राचा धागा. तो कधी चैत्र पौर्णिमेशी जुळतो, कधी फाल्गुनाच्या. २०१८ साली ३१ मार्चला हनुमान जयंती होती आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर. २०२४ साली झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला आली. सकाळी गावात झावळ्यांची मिरवणूक आणि रात्री शेजारच्या आळीत होळी. एकच चंद्र दोन्ही घरांच्या तिथ्या ठरवतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ताटातलं आणि ताटाबाहेरचं

या काळाचे तीन आधार सांगितले जातात: प्रार्थना, उपवास आणि दान. कॅथलिकांना आज बंधनकारक असलेले उपवास दोनच आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले तेव्हापासून ही पद्धत आहे. १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसाने त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं खायचं. वयाच्या चौदाव्या वर्षापासून या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी मांस वर्ज्य. हा झाला कागदावरचा नियम. प्रत्यक्षात अनेक घरं चाळीस दिवस मांसाहार बंद ठेवतात, कुणी दारू सोडतो, कुणी तंबाखू. लग्नं या दिवसांत काढत नाहीत. ज्यांच्या मांडवात बँड वाजायचा ते एकतर राखेच्या बुधवारापूर्वी उरकून घेतात, नाहीतर ईस्टरनंतरचा मुहूर्त धरतात.

नियमानुसार मासे चालतात. आता कोळीवाड्यात रोजचं जेवणच मासळीचं. तिथे शुक्रवारी मटण सोडणं हा काही मोठा त्याग होत नाही. पण नियमाचा जीव ताटात नसतो. रोज हाताशी असलेली, आवडती आणि नसली तरी चालेल अशी वस्तू बाजूला ठेवायची आणि त्यातून वाचलेलं दुसऱ्याच्या ताटात पोचवायचं, हा त्याचा अर्थ. म्हणून उपवास आणि दान यांची जोडी फोडता येत नाही. दान नसेल तर उपवास म्हणजे नुसता पथ्याचा आहार.

शाळेतल्या मुलांना या दिवसांत पुठ्ठ्याची छोटी पेटी मिळते. खाऊचे पैसे त्यात टाकायचे आणि ईस्टरपूर्वी ती चर्चमध्ये द्यायची. पेटी हलवून आवाज ऐकणं हा मुलांचा आवडता उद्योग. पहिल्या आठवड्यात ती खुळखुळते, भरत गेली की आवाज जड होत जातो. असे पैसे एकत्र होऊन कुणाच्या औषधाला, कुणाच्या फीला, कुठल्या दुष्काळी भागात जातात. देशभरातल्या कॅथलिक मंडळींची ‘कारितास इंडिया’ ही मदतसंस्था १९६२ पासून काम करते, तीही उपवासकाळात भूक आणि आजार यांच्याविरुद्धची मोहीम चालवते. पेटीतल्या नाण्यांवर कुणाचं नाव नसतं. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा. मुलांना दान शिकवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

शुक्रवारची वाट

उपवासकाळातला शुक्रवार ओळखू येतो तो ‘क्रुसाच्या वाटेने’. चर्चच्या दोन्ही भिंतींवर चौदा चित्रं किंवा कोरीव फलक असतात. येशूला मृत्युदंड ठोठावला तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंतची ही चौदा स्थानं. एकेका स्थानापुढे थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची, दुःखाचं गीत गात पुढे सरकायचं. ज्यांना जेरुसलेमला जाणं शक्य नाही त्यांनी आपल्या गावातच तो रस्ता चालावा, म्हणून फ्रान्सिस्कन संन्याशांनी ही भक्ती जगभर नेली. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली स्थानांची संख्या चौदा अशी कायम केली.

वसईत ही वाट नुसती चर्चच्या भिंतीलगत राहत नाही. ती वाड्यांतून, केळीच्या बागांच्या कडेने, गावातल्या दगडी क्रुसांवरून जाते. पुढे मोठा लाकडी क्रूस असतो. तो प्रत्येक स्थानाला खांदा बदलतो. म्हातारे, शाळकरी पोरं, नऊवारी लुगड्यातल्या आज्या, नोकरीवरून तडक आलेली मुलं, सगळ्यांचा हात लागतो. येशू क्रूस वाहताना कोसळला तेव्हा कुरेनेच्या शिमोनाने तो उचलला, हे पाचवं स्थान. माझ्या मते आमच्या वाटेवरचं प्रत्येक स्थान पाचवंच असतं.

या दुःखाच्या कथेला आपल्या भाषेत फार जुना सूर आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ त्याने रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांचा त्याहून जवळचा ग्रंथ म्हणजे १६५९ सालचं फ्रान्सिश्कु व्हाझ द गिमाराइंश यांचं पुराण. ते याच किनाऱ्यावरच्या बोलीत आहे आणि त्याचा विषयच येशूचं दुःखसहन आणि मरण हा आहे. दोन्ही ग्रंथ छापले गेले रोमन लिपीत, पण त्यांची रीत आपल्या पुराणांची आहे. पुराण चारचौघांत बसून ऐकायचं असतं. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी कान देऊन बसायचं. दुःखाची कथाही इथे अशी सर्वांत मिळूनच आली.

चर्चमधली अधिकृत उपासना मात्र शतकानुशतकं लॅटिनमध्ये होती. वसईवर पोर्तुगिजांचा अंमल १५३४ पासून होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तो संपला. ख्रिस्ती लोक इथेच राहिले, मराठीच बोलत राहिले, शेती-मासेमारी करत राहिले. पण मिस्सा लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हा कुठे वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. वसईचा ख्रिस्ती माणूस माळ मराठीत जपत होता, रडत मराठीत होता, आता सर्वांच्या देखत देवाशीही मराठीत बोलू लागला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध करून त्या बोलण्याला घरचं, सोपं वळण दिलं. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा या साऱ्या प्रवासाला एक मान मिळाला.

पवित्र सप्ताह

झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या बाहेर, मोकळ्यावर लोक जमतात. नारळाच्या हिरव्या पाती आशीर्वादित होतात, त्या उंच धरून गात मिरवणूक चर्चमध्ये शिरते. येशू गाढवावर बसून जेरुसलेमात आला तेव्हा लोकांनी असंच त्याचं स्वागत केलं होतं. मग आत दुःखसहनाचं दीर्घ वाचन सुरू होतं आणि तिथे अंगावर काटा येतो. हे वाचन वाटून घेतलेलं असतं. एक जण निवेदक, येशूचे शब्द फादरांकडे, इतरांचे आणखी कुणाकडे. जमावाचे शब्द मात्र साऱ्या भाविकांनी म्हणायचे. पंधरा मिनिटांपूर्वी ज्यांनी झावळ्या हलवल्या, तेच आता त्याला क्रुसावर द्या असं एकमुखाने म्हणतात. हातात झावळी तशीच असते. आपण त्या गर्दीत नव्हतो असं म्हणण्याची सोय या वाचनाने कुणालाच ठेवलेली नाही.

या विधींचं सर्वांत जुनं जिवंत वर्णन एका बाईने लिहून ठेवलं आहे. एगेरिया नावाची ही यात्रेकरू चौथ्या शतकाच्या अखेरीस पश्चिम युरोपातून जेरुसलेमला गेली आणि तिथला पवित्र सप्ताह तिने आपल्या मागे राहिलेल्या भगिनींना पत्राने कळवला. १८८४ साली इटलीतल्या अरेझो गावी त्या लेखनाची प्रत हाती लागली. लोक हातात फांद्या घेऊन, कडेवर मुलं घेऊन जैतुनांच्या डोंगरावरून कसे उतरत, ते ती सांगते. शुक्रवारी क्रुसाचं लाकूड दर्शनाला ठेवत तेव्हा सेवक भोवती पहारा करत. कारण पूर्वी कुणीतरी चुंबन घेता घेता दातांनी त्याचा तुकडा तोडून नेला होता, अशी हकिगत होती. भक्तीचा हा अनावरपणा वाचला की सोळाशे वर्षांचं अंतर गळून पडतं. आमच्याकडेही गुड फ्रायडेला क्रुसाचं चुंबन घ्यायला लांबच लांब रांग लागते. बाजूला एक जण फडकं घेऊन उभा असतो आणि प्रत्येकानंतर क्रुसाचे पाय पुसतो. तासभर त्याचं तेवढंच काम.

गुरुवारी संध्याकाळी प्रभूच्या अखेरच्या भोजनाची मिस्सा असते. तिच्यात फादर बाराजणांचे पाय धुतात. वेदीपुढे बाकावर बारा माणसं बसतात, एकेक चप्पल बाजूला ठेवलेली. फादर कमरेला पंचा बांधतात, गुडघ्यावर येतात, तांब्याने पायावर पाणी सोडतात, पुसतात आणि वाकून चुंबन घेतात. बसलेल्या माणसाकडे पाहावं. तो अवघडलेला असतो. बागेत राबून टाचांना भेगा पडलेल्या, नखांत माती, आणि समोर फादर गुडघ्यावर. पाय मागे घ्यावा की ठेवावा, हे त्याला कळत नाही. येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्र या शिष्याचंही तसंच झालं होतं. सेवा करणं जमतं, करून घेणं जड जातं. २०१६ पर्यंत हा मान नियमाने पुरुषांनाच होता. त्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी तो स्त्रियांनाही खुला केला. आज बारात आजीही असते आणि शाळकरी मुलगीही.

त्या मिस्सेतल्या गौरवगीतानंतर घंटा गप्प होतात, त्या थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत. वेदीवरची वस्त्रं, फुलं, मेणबत्त्या काढून घेतात. उघडी पडलेली वेदी पाहिली की सामान हलवलेल्या घरासारखं वाटतं. वर्षातल्या इतर दिवसांसारखी मिस्सा शुक्रवारी जगात कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये होत नाही. दुपारी वाचन, क्रुसाचं दर्शन आणि आदल्या दिवशी राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद, एवढंच. लोक एरवी चर्चबाहेर पडून गप्पा मारत रेंगाळतात, त्या दिवशी मात्र मुकाट्याने घरी जातात.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत या दिवसाला ‘उत्तम शुक्रवार’ म्हणतात. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, तसंच पुणे, सोलापूर, मुंबई इथल्या मराठी मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन होतं. एकेका उद्गारावर वेगवेगळी माणसं बोलतात, मध्ये गीतं होतात. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाची मराठमोळी चाल या मंडळ्यांच्या उपासनेत रुजवली. त्यामुळे तिथलं दुःखही टाळ-पेटीच्या साथीने गायलं जातं. ईस्टरला त्यांची उपासना पहाटे, उजाडताना होते. १७३२ साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोराव्हियन तरुणांनी दफनभूमीत जमून गात सूर्योदय पाहिला होता, त्या प्रथेचं हे नातं. कुणी रात्री जागतं, कुणी पहाटे उठतं. वाट एकाच कबरेकडे जाते.

शनिवारची रात्र

शनिवारी दिवसभर काहीच नसतं. प्रसादपेटीचं दार उघडं, आत रिकामं. वाडीतल्या बाया चर्च झाडतात, धुतात, फुलांचे हारे उतरवतात. रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. लोक अंधारात बाहेर उभे राहतात, हातात न पेटवलेली मेणबत्ती. आवारात अग्नी पेटवला जातो. त्यावरून भलीमोठी पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती उजळतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. पाच जखमांच्या आठवणीला धुपाचे पाच खडे खोचतात. ती एकच ज्योत काळोख्या चर्चमध्ये शिरते आणि तीनदा थांबते. मग तिच्यावरून एकाची मेणबत्ती, त्याच्यावरून शेजारच्याची, असा उजेड बाकाबाकाने मागे सरकत जातो. मेण हातावर ठिबकतं, लहान मुलांच्या मेणबत्त्या विझतात, कुणीतरी वाकून त्या पुन्हा लावून देतं. एकाची ज्योत दुसऱ्याला दिली म्हणून कमी होत नाही. मेणबत्तीपुढे गायल्या जाणाऱ्या प्राचीन स्तुतिगीतात मेण देणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण काढलेली आहे. त्याही कधी एकट्याने पोळं बांधत नाहीत.

ही रात्र पूर्वी रात्र नव्हती, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. कित्येक शतकं हा विधी शनिवारी सकाळी उरकला जाई. बाहेर ऊन तापलेलं आणि आत अंधारातल्या ज्योतीचं गीत. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाची फेररचना केली आणि १९५६ पासून जागरण पुन्हा रात्री आलं. सकाळी मोजक्याच भाविकांपुरता राहिलेला विधी सगळ्या गावाचा झाला.

मग वाचनं होतात. सृष्टीची निर्मिती, तांबडा समुद्र, संदेष्टे. जुन्या करारातली सात, नव्या करारातली दोन. जुन्यातली संपली की गौरवगीत उचललं जातं आणि दोन दिवस गप्प असलेल्या घंटा एकदम घणघणतात. दिवे लागतात. चाळीस दिवस तोंडात न आलेला ‘आलेलुया’ परत येतो. म्हाताऱ्या बायकांचा आवाज तिथे हमखास कापतो. त्यानंतर पाण्याला आशीर्वाद, आणि सगळे आपल्या स्नानसंस्काराची वचनं नव्याने देतात. चौथ्या शतकातला नवखा माणूस आणि आम्ही त्या क्षणी एकाच पाण्याशी उभे असतो. मिस्सा सुटली की मध्यरात्री आवारात गळाभेटी. जी दोन घरं बांधावरून वर्षभर बोलत नाहीत, त्यांतलं कुणीतरी त्या रात्री हात पुढे करतं. दरवर्षी सगळीच भांडणं मिटतात असं नाही, पण दरवर्षी एखादं तरी मिटतं.

ज्या वर्षी दारं बंद होती

२०२० साली २६ फेब्रुवारीला आम्ही नेहमीसारखी राख घेतली. महिनाभरात देश बंद झाला. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात उभे राहिले. ते चित्र जगाने पाहिलं. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार आला आणि चर्चची दारं बंद होती. त्या सकाळी आईने परसातल्या माडाची एक झावळी उतरवून घेतली, पाती सोलल्या आणि फोनवर मिस्सा लावून आम्ही चौघांनी त्या हातात धरल्या. जमावाचे शब्द आले तेव्हा चौघांचा आवाज इतका केविलवाणा वाटला की आई मध्येच थांबली. बारा जणांचे पाय नव्हते, क्रुसापुढची रांग नव्हती. १२ एप्रिलच्या ईस्टरला घराघरांत मेणबत्त्या लागल्या, पण प्रत्येकाने ती काडेपेटीने पेटवली. शेजारच्याची ज्योत घेता आली नाही. विधींतला दुसरा माणूस काढून घेतल्यावर काय उरतं, ते त्या वर्षी कळलं.

तेव्हा मला थोमाची गोष्ट वेगळी दिसली. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटला त्या संध्याकाळी थोमा त्यांच्यात नव्हता. एकटा होता म्हणून त्याचं दर्शन हुकलं आणि संशय त्याच्या वाट्याला आला. इतरांनी त्याला हाकलून दिलं नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यात बसला होता आणि तिथेच त्याला येशू भेटला. रिकामी कबर पहाटे पहिल्यांदा पाहणारी मग्दालेची मारियाही ती बातमी स्वतःपाशी ठेवून बसली नाही, धावत इतरांकडे गेली. ईस्टर कुणाला एकट्याला मिळाला तरी तो एकट्याचा राहत नाही.

उपवासकाळ चाळीस दिवसांचा आणि ईस्टरचा आनंदकाळ पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा. शोकापेक्षा आनंदाला दहा दिवस जास्त दिलेले आहेत, हे आपण विसरतो. उपवास जेवढ्या नेटाने पाळतो तेवढ्या नेटाने हा आनंद पाळत नाही. एकमेकांकडे जाणं, आजाऱ्याच्या घरी प्रसाद पोचवणं, पेटीतल्या पैशांचं काय झालं ते मुलांना सांगणं, हीसुद्धा व्रतंच आहेत.

२०२१ साली १७ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आला. साथीमुळे व्हॅटिकनने सांगितलं होतं की फादरांनी ते वचन सर्वांना मिळून एकदाच म्हणावं आणि मग तोंडाला मास्क लावून, काही न बोलता, प्रत्येकाच्या डोक्यावर राख भुरभुरावी. त्याआधीच्या आठवड्यात चर्चच्या दाराशी नेहमीची टोपली ठेवली होती. त्या वर्षी तिच्यात चर्चने वाटलेली एकही झावळी नव्हती. जो तो आपल्या परसातली, शेजाऱ्याच्या माडाची, कुंपणावरून कुणी दिलेली पात घेऊन आला होता. आमच्या चौघांच्याही त्यात पडल्या. वर्षभर वेगवेगळ्या घरांत, बंद दारांआड राहिलेल्या त्या पाती एकत्र जळल्या, कुटल्या गेल्या, फडक्यातून गाळल्या गेल्या. बुधवारी वाटी वेदीपुढे आली. कुणाच्या घरची झावळी कुठली, ते आता सांगता येत नव्हतं.